पहिल्या गोळ्याआधीचा झेंडा

काका,

मंडळाच्या अंकात तुमच्यासाठी दोन पानं ठेवली आहेत. शिक्षण, नोकरी, मंडळातली पदं आणि फोटो एका चौकटीत येणार आहेत. ती माहिती त्यांच्याकडे आहे. मला म्हणाले, तुम्ही शेजारी, तुम्ही आठवणी लिहा. मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ते ऑडिट रिपोर्टसारखं उतरलं. तुम्ही वाचून म्हणाला असतात, "सगळं बरोबर आहे, पण यात मी कुठंय?" म्हणून तुमच्याशीच बोलतोय. तसंही आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही गेल्यावर त्यात नवी भर पडली आहे.

जहाज गॅरेजमध्ये नाही.

तुम्हाला हे माहीत असणार असा माझा संशय आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून नीट सांगतो. तुमचे दिवस झाल्यावर तुमची लेक मुग्धा काकूंना घेऊन टेक्सासला, शुगर लँडच्या आपल्या घरी गेली. घराची किल्ली माझ्याकडे राहिली. डेकवरच्या टोमॅटोंना आणि तुळशीला पाणी घालायचं, टपाल आत घ्यायचं, एवढंच काम. त्या शनिवारी सकाळी नळी घ्यायला गॅरेज उघडलं तर जहाजाखालच्या लाकडी घोड्यांवर काहीच नव्हतं. भिंतीवरची हत्यारं जागच्या जागी, वार्निशचे डबे जागच्या जागी, शर्यतीच्या टीशर्टाच्या फाडलेल्या चिंध्यासुद्धा. फक्त डायनिंग टेबलाएवढं लांब, दोन डोलकाठ्यांचं, तुम्ही निवृत्तीनंतरची सगळी वर्षं जे बांधण्यात घालवलीत ते जहाज नव्हतं. खाली लाकडाच्या भुशात त्याच्या आकाराची स्वच्छ जागा तेवढी राहिली होती.

समोरच्या बाई कुत्रा फिरवत होत्या. त्यांनी सांगितलं की पांढऱ्या दाढीचा एक माणूस पिकअप घेऊन आला होता, कोड टाकून दार उघडलं, बराच वेळ आत काहीतरी गुंडाळत होता, आणि जाताना त्याने त्यांना हातही केला.

वेन, तुमचा तो बोटवाला मित्र. मला त्या क्षणी आश्चर्य वाटलं नाही, हे मी लपवत नाही. मला वाटलं, झालं एकदाचं.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला तर हे काही बोलले नव्हते रे." मग मुग्धाने फोन घेतला. ती चिडली की इंग्रजीत जाते, तशी गेली. आमच्या घरात असा कसा शिरला तो, हे तिने तीन-चार प्रकारे विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, बाबांच्या घरातल्या बाकी सगळ्या वस्तू कुठल्याही दुकानातून आणता येतील. मला त्यांचं ते एकच हवं होतं." ती पोलिसांत तक्रार करणार होती. काकूंनी मागून सांगितलेलं मला ऐकू आलं, "आधी त्याला बघू दे. तो नीट बघतो." तेव्हा असं ठरलं की मी वेनला जाऊन भेटायचं आणि मग मुग्धाला सांगायचं, चोरी आहे की नाही. मी चोरी म्हटलं असतं तर तिने पुढच्या मिनिटाला तक्रार केली असती. मी नाही म्हटलं असतं तर ते जहाज तिच्या हातून गेलं असतं.

म्हणजे न्याय माझ्याकडे आला, काका. तुम्ही हसला असतात.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आपली शनिवारच्या चहाची बैठक सुरू झाली तेव्हा तुमच्या टेबलाभोवती खुर्च्या कमी पडायच्या. तेव्हाच तुमच्या डोक्यात ती जहाजं शिरली होती. कोणी घराच्या व्याजदरांबद्दल बोलत असेल तरी तुम्ही पाच मिनिटांत समुद्रावर पोचायचात. युद्धाच्या काळात सरकारकडे आरमार कमी पडलं की ते खासगी जहाजमालकांना परवाना द्यायचं: शत्रूची व्यापारी जहाजं पकडा, पकडलेला माल तुमचा. त्या परवान्याला लेटर ऑफ मार्क म्हणायचे आणि अशा जहाजांना प्रायव्हटिअर. अमेरिका हा देश जन्माला आला तेव्हा त्याच्याकडे धड आरमार नव्हतं, समुद्रावरची बरीचशी लढाई याच लोकांनी लढली, आणि त्यातली काही जहाजं आपल्यापासून दोन तासांवर न्यू बर्नच्या नदीतून निघाली, हे सांगताना तुमचा चहा गार व्हायचा.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. परवाना खिशात असलेला लुटारू हा लुटारूच. सरकारी शिक्क्याने माल धुऊन निघत नाही. मी वीस वर्षांहून जास्त काळ इंटर्नल ऑडिटमध्ये आहे. शिक्के मी पुष्कळ पाहिलेत.

"ऑडिटरसाहेब," तुम्ही म्हणायचात, "समुद्रावरचा चाचा परवान्याशिवाय लुटतो आणि कोणाला उत्तर देत नाही. प्रायव्हटिअरला उत्तर द्यावं लागतं. परवाना लुटायला नसतो, नंतर पकडून जाब विचारायला असतो."

मी म्हणायचो, ते कागदावर. मग तुम्ही आपल्या कुलाब्याच्या सरखेलांना मध्ये आणायचात. ते छत्रपतींनी नेमलेले आरमाराचे अधिकारी, पण त्यांचा अधिकार इंग्रजांनी मानला नाही म्हणून इंग्रजांच्या लेखी ते चाचे. तेच इंग्रज स्वतःच्या परवानाधारकांना सज्जन म्हणत. चाचा कोण हे कागद वाचणाऱ्यावर ठरतं, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचो, म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय. काकू पोहे आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, दोघंही लुटारू आहात, माझी शनिवारची झोप लुटता.

एकदा तुम्ही असंही म्हणालात की आपण तरी या देशात परवान्यावरच आलोय, आधी एच-वन, मग ग्रीन कार्ड. मी म्हटलं, आपण कोणाची बोट पकडलेली नाही. तुम्ही म्हणालात, "तुम्ही नसेल. मी तर एका मराठी माणसाची सीनिअर इंजिनिअरची जागा पकडली होती. तो अजून नागपुरातून शिव्या घालतो."

तुमच्या गोष्टींवर माझा आणखी एक आक्षेप होता आणि तो मी अजून मागे घेतलेला नाही. तुम्ही मंडळात, लायब्ररीत, शाळांत भाषणं दिलीत, त्यांत नेहमी मोठी शिकार करून परत आलेली जहाजं असायची. मी विचारायचो, जी निघाली आणि ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांचं काय? पकडलेली जहाजं वाटेत परत हिसकावली गेली त्यांचं काय? अपूर्णांकात खाली किती हे सांगितल्याशिवाय वर किती याला अर्थ नाही. तुम्ही म्हणालात, बुडालेल्यांची गणती कोण ठेवणार? मी म्हटलं, म्हणूनच मला विश्वास नाही. युरोपातल्या देशांनी एकोणिसाव्या शतकात पॅरिसला बसून ही पद्धत बंद केली, तेव्हा अमेरिकेने सही केली नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि इथल्या काँग्रेसचा तो परवाना देण्याचा अधिकार राज्यघटनेत आजही आहे, हेही. तुम्ही ते अभिमानाने सांगितलंत. मला ते ऐकून खटकलं. सही न करणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी वाटतं की त्याच्या मनात काहीतरी आहे.

पण त्या जहाजांकडून तुम्ही दोन गोष्टी घरात आणल्यात, आणि त्या मला आवडायच्या, हे तुम्ही असताना मी बोललो नाही.

पहिली म्हणजे कोर्ट. पकडलेलं जहाज लगेच आपलं होत नसे. ते बंदरात आणायचं, मालाला हात लावायचा नाही, आणि प्राइझ कोर्टापुढे उभं करायचं. तिथे पकडणाऱ्याचं ऐकून भागत नसे. पकडलेल्या जहाजाचा कप्तान किंवा त्याची एक-दोन मुख्य माणसं सोबत आणावी लागत, त्यांची शपथेवर साक्ष होई. ती जर खरी ठरली तर जहाज सोडून द्यायचं, आणि उलट नुकसानभरपाई द्यायची. तुम्ही हे टेबलावर लागू केलंत. कोणी सुनेबद्दल, बॉसबद्दल, वसाहतीच्या एचओए कमिटीतल्या बाईबद्दल तक्रार सुरू केली की तुम्ही हात वर करायचात: "दुसऱ्या जहाजावरचा माणूस आणलाय का?" नसेल तर निकाल नाही. पोहे घ्या. मंडळाचे खजिनदार एकदा रागावून उठून गेले होते आणि पुढच्या शनिवारी ज्याच्याबद्दल तक्रार होती त्यालाच घेऊन आले. तो निकाल काय लागला ते मी छापणार नाही.

दुसरी गोष्ट झेंड्याची. प्रायव्हटिअरला खोटा झेंडा लावायला मुभा होती. शत्रूचाच झेंडा लावून त्याच्या जवळ जायचं, त्याला बेसावध ठेवायचं, सगळं चालायचं. पण पहिला गोळा सोडण्याआधी खोटा उतरवून खरा चढवावाच लागे. खोट्या झेंड्याखाली गोळा सोडला की तो चाचा. गेल्या वर्षी गणपतीच्या सजावटीसाठी कमिटी तुमचं जहाज मागायला आली, त्यावर भगवा लावून मराठ्यांची लढाऊ गुराब म्हणून ठेवणार होते. तुम्ही म्हणालात, ही अमेरिकन स्कूनर आहे, गुराब हवी तर गुराब बांधा. अध्यक्ष म्हणाले, "काका, लोकांना काय कळतंय त्यातलं." तुम्ही त्यांना झेंड्याचा नियम सांगितलात आणि विचारलंत, "मग आरतीच्या आधी खरा चढवणार ना?" ते गेले. त्या वर्षी थर्माकोलचा रायगड झाला.

हळूहळू टेबल रिकामं होत गेलं. कोणी ॲन आर्बरला मुलाजवळ गेलं, कोणाची नोकरी टेक्सासला, कोणी परत पुण्याला. तुम्ही त्यालाही जहाजाचं गणित लावायचात. प्रायव्हटिअर बंदरातून निघायचं तेव्हा त्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली असायची. प्रत्येक पकडलेलं जहाज परत आणायला त्यावर आपली चार माणसं पाठवावी लागत. जितकं यश जास्त तितकं जहाज रिकामं. शेवटी परत येताना दोर ओढायलाही माणसं पुरत नसत. "आपलं तसंच," असं म्हणून तुम्ही एक खुर्ची उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवायचात.

त्याच काळात वेन आला.

तो तुम्हाला समुद्राकडच्या कुठल्याशा बोटींच्या प्रदर्शनात भेटला. आयुष्यभर फायबरग्लासच्या बोटी विकलेला माणूस. हात मोठा, हसणं मोठं, आणि नाव एकदा ऐकलं की कायमचं मोडून टाकणार. मनोहरचं त्याने मॅनो केलं. सुधाकाकूंना तो मिस सू म्हणायचा. महिन्यातून दोनदा तो आपली पिकअप घेऊन आपल्या कॅरीला यायचा आणि तुम्ही दोघं गॅरेजचं दार लावून आत बसायचात. मी विचारलं, हा एवढ्या लांबून का येतो? तुम्ही म्हणालात, मित्र आहे. मी विचारलं, त्याला काय मिळतं? तुम्ही म्हणालात, चहा. मला ते पटलं नाही. विकणारा माणूस तीन तास गाडी चालवून चहा प्यायला येत नाही. मला वाटायचं, याचा डोळा जहाजावर आहे, आणि हा वाट बघतोय.

आता तुम्ही गेल्यावर महिना होत नाही तोच जहाज त्याच्याकडे. सांगा, मी काय समजायचं होतं?

मी त्याला फोन केला तेव्हा जहाजाचं नाव काढलं नाही. म्हटलं, काकांच्या आठवणी बोलायच्यात, शिवाय एखादी छोटी बोट घ्यावी असं मनात आहे, तुमचा सल्ला हवा. बोटीच्या नावाने त्याचा आवाज उजळला. ये म्हणाला.

हायवे सत्तरने निघालो. गोल्ड्सबरो, किन्स्टन, न्यू बर्न. न्यू बर्नच्या पुलावर तुमची आठवण आली, कारण तिथे तुम्ही दर वेळी खिडकीची काच खाली करायला लावायचात. मी एसी बंद न करताच काच खाली केली. बोफर्टच्या पुढे, जिथे रस्ता संपत आल्यासारखा वाटतो, तिथे खाडीच्या कडेला वेनचं घर आहे. घर लहान, शेड मोठी.

त्याने मला बर्फाचा गोड चहा दिला आणि बोटी दाखवायला सुरुवात केली. शेजाऱ्याची, स्वतःची, खाडीपलीकडच्या कोणाची तरी. मी इंजिनाबद्दल विचारलं, ट्रेलरबद्दल विचारलं, विम्याबद्दल विचारलं. मधूनमधून शेडकडे बघत होतो. दार अर्धं उघडं होतं आणि आत ताडपत्रीखाली लांबट काहीतरी होतं. त्यालाही माझं बघणं दिसत असणार, पण तो मला एका बोटीची किंमत कशी पाडून मागायची ते सांगत राहिला. माझ्या मनात पुढचं सगळं तयार होतं. बाथरूमच्या निमित्ताने शेडमागून जायचं, फोनवर फोटो काढायचा, गाडीत बसून मुग्धाला पाठवायचा. तक्रारीला तेवढं पुरलं असतं.

आणि काका, तिथे मला तुमचा झेंडा आडवा आला. मी बोट घेणार नव्हतो. खाडीच्या काठावर एका माणसाच्या हातचा चहा पीत, त्याच्याच घरात त्याच्यावर नेम धरून मी उभा होतो. लुटारू कोण यावर मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो, ते असं शेडमागून फोटो काढायला नव्हे. ग्लास रेलिंगवर ठेवला आणि म्हटलं, मी बोटीसाठी आलेलो नाही. तुम्ही मनोहरकाकांचं जहाज चोरलंत असं मला वाटतं. मुग्धा पोलिसांत जायच्या तयारीत आहे, आणि तिला काय सांगायचं ते ठरवायला मी आलोय.

वेनने घड्याळाकडे पाहिलं. "मॅनो म्हणाला होता तू येशील," तो म्हणाला. "म्हणाला होता, तासभर फार गोड बोलेल."

खोटं का बोलू, मला राग आला. आधी त्याचा आणि मग तुमचा.

तो शेडमध्ये घेऊन गेला. जहाज होतं. डोलकाठ्या उतरवून शेजारी आडव्या ठेवलेल्या, आणि सगळ्या सांगाड्यावर ओली गोणपाटं घातलेली. गॅरेजच्या उन्हाळ्यात फळ्या सुकून मधल्या फटी उघडल्या होत्या, पाणी पिऊन त्या पुन्हा फुगल्या पाहिजेत, नाहीतर पाण्यात सोडल्यावर पहिल्या मिनिटात तळ गाठेल, असं तो म्हणाला. म्हणजे हा ते पाण्यात सोडणार होता. मी वाकून दोरांकडे पाहिलं. प्रत्येक दोराच्या टोकाला मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर आकडा. मराठी आकडे. पण तुमच्या अक्षरात नाहीत. चार उलटा पडलेला, नऊ बघून दया यावी असा. मी वेनकडे पाहिलं.

"त्याला अमेरिकन आकडे यायचे नाहीत," वेन म्हणाला. "म्हणजे यायचे, पण दोर मोजताना नाही. मग मी शिकलो. नऊ मला अजून जमत नाही."

हा पुरावा नाही, हे मला कळतं. ज्याने दोन वर्षं एका माणसाचे आकडे गिरवले त्याला चोरी करता येत नाही असं कुठे आहे? उलट, ज्याने एवढी मेहनत घेतली त्याला ती वस्तू आपली वाटू लागते. ऑडिटमध्ये गैरव्यवहार बाहेरचा माणूस फार कमी वेळा करतो. मी हे सगळं त्याला तोंडावर सांगितलं. तुमच्या कोर्टात त्याची बाजू ऐकायची होती, तेव्हा म्हटलं, सांगा.

त्याने सांगितलं ते असं. एप्रिलमध्ये तुम्ही एकटे गाडी चालवत तिथे गेलात. त्याच रेलिंगपाशी उभं राहून तुम्ही त्याला सांगितलंत की पोटातलं दुखणं साधं नाही आणि डॉक्टर पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत. मग म्हणालात, मी गेलो की कोणी काही ठरवायच्या आत जहाज घेऊन जा. नाहीतर लोक त्याच्यावर काच बसवतील, किंवा आणखी कुठला झेंडा लावतील. ते पाण्यात सोड. त्यानंतर ते तुझं.

"मिस सूला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे म्हणाला."

एप्रिल, काका. मला तुम्ही जुलैत कळवलंत, तेही घरात हॉस्पिसचा, शेवटच्या शुश्रूषेचा, पलंग आला म्हणून लपवता येईना तेव्हा. मधले सगळे शनिवार आपण चहा पीत होतो. तुमचं वजन उतरत होतं आणि मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, काकूंनी भात बंद केलाय. मी ते मानलं. मी, जो काहीही मानत नाही. मला संशय घ्यायचा होता तो मी त्या पांढऱ्या दाढीवर घेत बसलो, आणि माझ्या समोरून, अगदी जवळून, तुम्ही भाताचा झेंडा लावून निघून गेलात.

मी वेनला विचारलं, मला का नाही सांगितलं? त्याने बादली जवळ ओढली. एका गोणपाटावर पाणी शिंपडलं, मग दुसऱ्यावर.

"म्हणाला, तो गणित मांडायला बसेल."

खरं आहे. बसलो असतो. त्या आजाराचे सगळे तक्ते मी वाचले असते, कुठल्या टप्प्यावर किती जण किती काळ राहतात ते काढलं असतं, तुमचं वय आणि मधुमेह त्यात धरला असता, आणि दर शनिवारी तुमच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांत तो आकडा तुम्हाला दिसला असता. तुम्हाला तो बघायचा नव्हता. तुम्हाला भांडायचं होतं. ते मला समजतं. पण माणसाजवळ बसायची माझी दुसरी कुठली रीत नाही, काका. काळजी वाटली की मी आकडे काढतो. तुमच्या छपरासाठी काढले, मुग्धाच्या कॉलेजसाठी काढले, ते तुम्ही आनंदाने घेतलेत. याच वेळी तुम्ही मला बाहेर ठेवलंत, आणि बोटी विकणाऱ्या माणसाला आत घेतलंत, कारण तो नुसता बसू शकत होता. याबद्दल मी अजून रागावलेला आहे. तुमचे आभार मानायचे आहेत, तेही मानतो, कारण ते शनिवार मला जसेच्या तसे मिळाले. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्याची वजाबाकी मला करता येत नाही.

पण त्याच वाक्याने माझा निर्णय झाला. लबाड माणूस समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो. वेनला खोटं बोलायचं असतं तर तो म्हणाला असता, तुझ्याबद्दल मॅनो फार चांगलं बोलायचा. जे त्याने सांगितलं त्यातून त्याला काही मिळत नव्हतं, मला लागणार होतं, आणि ते शब्द तुमच्याशिवाय कोणाचे असूच शकत नव्हते. कागद नाही, साक्षीदार नाही. तुमच्या कोर्टाने आणखी पुरावा आणा म्हणून तारीख दिली असती.

हेही नोंदवून ठेवतो की 'त्यानंतर ते तुझं' हे म्हणताना वेनने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळं बोलताना पाहिलं. त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

निघताना तो म्हणाला, मुलीला हवं असेल तर तिला यायला सांग, तोवर पाण्यात सोडत नाही. मी बरं म्हटलं. गाडीत येऊन बसलो, काचा बंद केल्या, आणि मुग्धाला फोन लावला. पहिल्या घंटेलाच तिने उचलला. मागे काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"सो? डिड ही स्टील इट?"

"नाही," मी म्हटलं. "बाबांनी दिलंय त्याला. एप्रिलमध्येच."

"आर यू शुअर, काका?"

आमच्या कामात खात्री हा शब्द आम्ही लिहीत नाही. वाजवी खात्री असं लिहितो, आणि खाली मर्यादा लिहितो. मर्यादा मला सगळ्या माहीत होत्या. मी म्हटलं, "हो. शुअर."

मला वाटलं आता इंग्रजीत काहीतरी येईल, त्याची मी तयारी केली. ते आलं नाही. ती मराठीत बोलली, अगदी हळू, लहानपणी तुमच्या गॅरेजच्या दारात उभी राहून बोलायची तशी.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

शेडपासून गाडीपर्यंत येताना तिला समजावण्याचं मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, काका. ते बाजूला ठेवलं.

"तू ये इकडे," मी म्हटलं. "मलाही त्यांना तेच विचारायचंय."